गाडीजवळ कोण?

माझी आई पाहुण्यांना अजून सांगते, "ही रविवारी राक्षस मारायला धुळ्याला जायची." मुद्दाम सांगते. लग्न नाही, संसार नाही, चौतिशीतली बाई, आणि काय तर म्हणे राक्षस. पाहुणे हसतात. पूर्वी मीही हसायचे. आता कोणी हसलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मी जळगावला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. आठवडाभर "जरा मूठ वळा, झालं, झालं" एवढंच बोलायचं. रविवारी मात्र सकाळची एसटी धरायची, पिशवीत केळ्याचे वेफर्स टाकायचे आणि पारोळ्याच्या रस्त्याच्या धक्क्यांनी अंग खिळखिळं करून घेत धुळ्याला, देवपुरात मास्तरच्या घरी पोहोचायचं. मास्तर म्हणजे आमच्या कॉलेजातलाच एकजण. शिकवण्या घेतो म्हणून मास्तर. आम्ही चौघं देवपुरातल्याच कॉलेजात एका वर्गात होतो. पास झालो, पांगलो, पण हा खेळ सुटला नाही.

खेळ सांगायला गेलं की लोक कंटाळतात, म्हणून थोडक्यात सांगते. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. समोर दरी आली, भूत आलं, राजाचे शिपाई आले, की काय करायचं ते आपण बोलायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासा ठरवतो. गोष्ट मास्तर सांगायचा. मी चेटकीण. साक्रीला औषधांचं दुकान चालवणारा आमचा दोस्त, तो तिरंदाज. आणि चौथा नरडाण्याच्या कारखान्यात शिफ्ट बघायचा. दाराची चौकट डोक्याला लागेल असा उंच, आडदांड, कारखान्यातली पोरं म्हणे त्याच्या नुसत्या खाकरण्याला घाबरायची. तो खेळात कोण? तर ठेंगू. गुडघ्याएवढा, दाढीवाला, कुऱ्हाड घेतलेला ठेंगू. दुसरं काही व्हायला कधीच तयार झाला नाही. म्हणून मी त्याला ठेंगूच म्हणायचे, इथेही तेच म्हणणार.

आम्ही संकटात सापडलो की तो मांडी मोडून उठायचा, छाती पुढे काढायचा आणि बारीक, चिरक्या आवाजात ओरडायचा, "घाबरू नका रे भो, मी शे ना!" शे म्हणजे आहे, आमची अहिराणी. एवढ्या मोठ्या देहातून तो आवाज निघाला की साक्रीवाला चहा सांडायचा. कितीदा ऐकलं असेल, तरी दर वेळी हसू यायचं.

आता आमच्या गाडीबद्दल. गोष्टीत आमची एक बैलगाडी होती. तिच्यात तंबू, दोरखंड, पिठाची पोती, लुटलेली सोन्याची ताटं. रविवारी एखाद्याला यायला जमलं नाही तर गोष्टीत त्याचं काय करायचं, हा या खेळातला कायमचा वैताग. आम्ही सोपा नियम केला होता. जो आला नाही तो गाडीजवळ थांबला. बैलांना चारा घालतोय, सामान राखतोय. बाकीचे गुहेत जातात, लढतात, परत येतात, तेव्हा तो गाडीजवळ असतोच. ना त्याला जखम, ना मरण. रविवार उजाडला की मास्तर आमच्या मोबाइलवरच्या ग्रुपात विचारायचा, "गाडीजवळ कोण?" ज्याला जमणार नसेल त्याने लिहायचं, "मी." झालं. त्यावर पुढे कोणी कारण विचारायचं नाही.

ठेंगू क्वचितच गाडीजवळ असायचा. बायको होती, पोरगी होती, म्हातारे आईबाप होते, पण रविवारी हा हजर. "घरचे काही म्हणत नाहीत का रे?" मी विचारायचे. "काय म्हणतीन? मित्रांकडे जातो म्हटलं की झालं." मला त्याचा केवढा आधार वाटायचा! बघा, संसारी माणूस, तरी येतो. माझ्यासारख्या रिकाम्या बाईचाच हा चाळा नाही, असं वाटायचं.

मग तो गेला. संक्रांत नुकतीच झाली होती. कामावर छातीत जळजळतंय म्हणाला. भरीत जास्त झालं असेल म्हणून कॅन्टीनबाहेर सोडा प्यायला. बाटली हातात धरून खाली बसला तो बसलाच. धुळ्याला आणेपर्यंत सगळं संपलं होतं. आणि आम्हाला कळलं कधी? सगळं उरकल्यावर. त्याच्या कारखान्यातल्या कोणीतरी मोबाइलवर त्याचा हार घातलेला फोटो लावला, तो मास्तरच्या एका विद्यार्थ्याच्या बापाने बघितला. कॉलेजपासूनची दोस्ती, पण त्याच्या घरात आमच्यापैकी एकाचाही नंबर कोणाकडे नव्हता. नंबर सोडा, आम्ही आहोत हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

आम्ही शिरपूरला त्याच्या दारावर गेलो. मयताच्या घरी भेटायला जायचं त्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. पुरुष बाहेर सतरंजीवर, बायका आत. मी आत गेले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. एका म्हातारीने विचारलं, "तू कोणाकडली गं? मामाकडली का?" मी म्हटलं, "कॉलेजची मैत्रीण." बस. कोणीतरी कोणाला तरी कोपर मारलं. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घातली. मला रडूही आलं नाही. रडले असते तर आणखी चार कोपरं हलली असती. ज्याच्याबरोबर मी अर्धं तारुण्य हसले त्याच्या घरात मी चोरासारखी बसले होते, आणि मला त्या सगळ्या बायकांचा, तिच्यासकट, संताप आला होता. हिला काय माहीत तो कोण होता, असं मनात येत होतं. हो, तेव्हा आलं होतं.

बाहेर तर आणखी भारी झालं. त्याच्या वडिलांनी साक्रीवाल्याला विचारलं, "कंपनीना शेतस का तुम्ही?" कंपनीतले आहात का, असं.

आणि तो म्हणाला, "हो."

"हो"! अरे गाढवा! परतताना मी त्याला सोलून काढलं. "दोस्त आहे म्हणायला तुझी जीभ झडत होती का?" तो म्हणाला, "मग काय सांगू? आबा, तुमचा पोऱ्या ठेंगू होता म्हणून सांगू? त्यांनी विचारलं असतं कोणता खेय, तर काय बोललो असतो?" मास्तर गाडी चालवत होता. सोनगीर आलं तेव्हा तो म्हणाला, "भांडू नका रे. तो असता तर त्याला आवडलं नसतं." मला आणखीच चीड आली. मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं ते सांगणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत.

पुढचा रविवार आला आणि मास्तरने सवयीने ग्रुपात टाकलं, "गाडीजवळ कोण?"

बोटांची सवय, दुसरं काय. टाकलं आणि त्याच्या लक्षात आलं, पण तोवर आम्ही पाहिलं होतं. ठेंगूचा नंबर अजून ग्रुपात होता. कोणीच काही लिहिलं नाही. मी लॅबच्या जिन्यात बसले आणि तिथे रडले. रडताना डोक्यात आलं, बरोबर आहे, ठेंगू गाडीजवळ आहे. आला नाही तो गाडीजवळ. नियम म्हणजे नियम. बैलांना चारा घालतोय. हे एकदा मनात बसलं ते बसलंच. कोणी त्याला हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

दोनतीन महिने कोणी खेळाचा विषय काढला नाही. मग साक्रीवाल्याने काढला. फोन करून म्हणाला, "आपण ठेंगूला मानाचं मरण देऊ. पुलावर तो एकटा उभा राहतो, सगळी फौज अडवतो, आपण वाचतो, तो पडतो. मास्तर असं सांगेल ना, की ऐकत राहावं. मग पुढे खेळ सुरू करू. माझा मेहुणा यायला तयार आहे."

"मेहुणा?"

"चौथा लागतो ना गं."

मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मानाचं मरण म्हणे! कॅन्टीनबाहेर सोड्याची बाटली धरून मेलेल्या माणसाला तुम्ही पुलावर नेऊन परत मारणार, आणि वर टाळ्या वाजवणार? आणि त्याच्या जागेवर मेहुणा? मी मास्तरला कळवून टाकलं, ठेंगूला मारलंत तर मी संपले तुमच्यासाठी. तो गाडीजवळ राहील. कायमचा. ते जमत नसेल तर खेळ गेला चुलीत.

मास्तरचा फोन आला. रागावेल असं वाटलं होतं, पण त्याचा आवाज खाली गेला होता. "अगं, मी गोष्ट रचायला बसतो, आणि तो गाडीजवळ दिसतो. बैलांशी बोलत उभा असतो. मला पुढे जाताच येत नाही. मला सोडव गं यातून." मी म्हटलं, "तुला सोडवायला त्याला मारू का?" आणि फोन ठेवला. वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. माझ्याकडे त्याचं उरलं तरी काय होतं? फोटो नाही, नातं नाही, दारावर बसायचा हक्क नाही. तेवढा एक गाडीजवळचा ठेंगू होता.

शेवटी ठरलं की एका रविवारी देवपुरात बसायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. मी गेले ती भांडायच्याच तयारीने. वेफर्ससुद्धा नेले नाहीत. वर खोलीत गेले तर मास्तर आणि साक्रीवाला शाळेतल्या पोरांसारखे अंग चोरून बसलेले, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ठेंगूची बायको.

ती मास्तरला फोन करून आली होती. त्या रविवारचा तो मेसेज, "गाडीजवळ कोण?", तिने नवऱ्याच्या फोनवर वाचला होता. मग मागचे सगळे वाचले. दर रविवारी तोच प्रश्न. हे काय आहे ते विचारायला ती एकटी एसटीने आली होती. मला बघून म्हणाली, "ताई, तुम्ही त्या दिवशी आल्या होत्या. बसा ना." जणू तिचंच घर होतं.

मास्तर घाम पुसत खेळ सांगू लागला. ती मान हलवत ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हणजे दारू नाही?" नाही. "पत्ते?" नाही. "मग मला का नाही सांगितलं? मला वाटायचं पत्त्यांचा अड्डा असेल. मी कधी विचारलंच नाही, भांडण नको म्हणून." मग तिने विचारलं, "ते कोण होते यात?" मास्तरने डब्यातून एक सुपारी काढून खेळ मांडायच्या पाटावर ठेवली. आमच्याकडे बुद्धिबळातली प्यादी होती, पण ठेंगूने स्वतःसाठी घरून सुपारी आणली होती. बुटकी आणि टणक, माझ्यासारखी, असं म्हणायचा. तिने ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, परत ठेवली.

आता मात्र मला राहवेना. मी सांगत सुटले. तो कसा हसवायचा, राजाच्या दरबारात कसा गेला, बैलांची नक्कल कशी करायचा, एकदा राक्षसाला त्याने लढायच्या ऐवजी शेवभाजी कशी खायला घातली. मला तिला दाखवायचं होतं की बघ, आमचा किती हक्क आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "इतकं बोलायचे?" तिने विचारलं. "घरी तर जेवण झालं की झोपायचे. पोरगी जवळ गेली की म्हणायचे, थकलोय बेटा."

साक्रीवाल्याला वाटलं आपण काहीतरी चांगलं बोलावं. म्हणाला, "वहिनी, आम्ही त्याला मोठं मरण देणार होतो. पण ही म्हणते, तो गाडीजवळच राहू दे."

"गाडीजवळ म्हणजे?"

मास्तरने नियम सांगितला. जो आला नाही तो गाडीजवळ. तिने विचारलं, "तिथे तो काय करतो?"

"काही नाही. सामान राखतो. बैलांचं बघतो."

"आणि बाकीचे?"

"ते पुढे जातात. लढाई वगैरे. मग परत येतात."

तिने पाटावरची सुपारी बोटाने सरळ केली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं गाडीजवळ मीच होते की. सासूबाईंचे गुडघे, आबांचं पथ्य, पोरीचा अभ्यास. रविवारी ते निघाले की मी सगळं राखत बसायची, ते परत येईपर्यंत."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता.

ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमचा जीव होता त्यांच्यावर, मला दिसतंय. त्या दिवशी बायका काय काय बोलल्या, मी ते मनात घेतलं नाही. पण त्यांना तिथे थांबवू नका. तिथे थांबायचं तर कोणीतरी परत येणार असावं लागतं. मी अजून रोज संध्याकाळी कंपनीच्या बसच्या आवाजाला उठते. कोण येणार आहे?" मग साक्रीवाल्याकडे बघून, "आणि ते पूल-बील नको, भाऊ. ते लढून नाही गेले. जसे गेले तसं सांगा."

मास्तरने माझ्याकडे पाहिलं. ते मीच बोलायला हवं होतं, कारण अडून मी बसले होते. फासा टाकायचा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "आम्ही गुहेतून परत आलो. ठेंगू गाडीजवळ नव्हता. त्याच्या छातीत दुखलं आणि तो गेला. आम्ही तिथे नव्हतो." एवढंच म्हटलं. साक्रीवाला, तो "हो" म्हणणारा, ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. मला त्याचा राग आठवेना. राग मला ठेंगूचा आला होता, पहिल्यांदाच, आणि इतका आला की तो समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत दिली असती. एवढं सगळं होतं तुझ्याजवळ, तर थोडं घरी नेता येत नव्हतं का रे? आणि आम्ही तरी कसली माणसं! तो येतो म्हणून खूश. कोणाला मागे ठेवून येतो ते आम्ही एकदाही धड विचारलं नाही.

खेळ त्यानंतर झाला नाही. मेहुणाही आला नाही. मास्तर दिवाळीला मेसेज करतो, आम्ही हात जोडल्याचं चित्र पाठवतो. काहीजण म्हणतात, दुःखाने माणसं जवळ येतात. येत असतील. आमची नाही आली.

त्या दिवशी तिला बस स्टँडवर सोडायला मी गेले. सुपारी तिने मागितली नाही आणि आमचीही द्यायची हिंमत झाली नाही. ती मास्तरच्या पाटावरच राहिली. शिरपूरची एसटी लागली, ती चढायला निघाली आणि मागे फिरली.

"ताई, तो ठेंगू काहीतरी म्हणायचा म्हणाले ना सर, संकट आलं की. कसं म्हणायचे ते? त्यांच्यासारखं म्हणून दाखवा."

भर स्टँडवर, माणसं बघत असताना, मी छाती पुढे काढली आणि बारीक आवाजात म्हटलं, "घाबरू नका रे भो, मी शे ना!"

आवाज हुबेहूब निघाला. ती हसेल असं मला वाटलं. कंडक्टर हसलासुद्धा.

"आमच्याकडे कधी नाही म्हणाले," ती म्हणाली, आणि पदर सावरून गाडीत चढली.